मॅडमनी नोकरी सोडली ते वर्ष

आमच्या कंपनीत कुणाच्याही मनात नोकरी सोडायचं आलं, की तो एचआरकडे जायच्या आधी मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभा राहायचा. मॅडम स्क्रीनवरची नजर न काढता विचारायच्या, "घरात औषध कुणाला चालू हाय?"

समोरचा गोंधळायचा. तो आलेला असायचा बाहेर मिळणाऱ्या जादा पैशांबद्दल बोलायला. चाचरत म्हणायचा, "आईला शुगर आहे," किंवा "वडिलांचं हार्टचं झालंय मागच्या वर्षी."

"मग मेडिक्लेम कुणाचा? कंपनीचा न्हवं? जा, काम कर जा."

एवढ्यावर सल्ला संपायचा. या सवयीमुळे पोरांनी त्यांचं नाव 'ब्रेक' ठेवलं होतं. मॅडमना ते माहीत होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. "बिनब्रेकच्या गाडीवर बसून दाखवा की एकदा," म्हणायच्या आणि पुन्हा ड्रॉइंगमध्ये डोकं घालायच्या.

मी मूळचा मुरगूडचा. डिप्लोमा झाल्यावर कोल्हापुरातल्या या फाउंड्रीत डिझाइनला लागलो आणि मॅडमच्या शेजारचं टेबल मला मिळालं. वितळलेलं लोखंड साच्यात कुठून सोडायचं, त्याचा वेग कुठे कमी करायचा, आतली हवा कुठून बाहेर काढायची, हे सगळं आधी कॉम्प्युटरवर ठरवायचं, असं आमचं काम. ते चुकलं की वरून गुळगुळीत दिसणाऱ्या कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते आणि गाडीभर माल परत येतो. मॅडमचा माल परत आलेला मी पाहिला नाही. त्या मला नावाने कधी हाक मारत नसत. पहिल्या दिवशी गाव विचारलं आणि तेव्हापासून मी 'मुरगूडकर' झालो. आमच्याकडच्या कितीतरी बायका स्वतःबद्दल 'येतो, जातो' असंच बोलतात, तशा मॅडमही बोलायच्या. "मुरगूडकर, मी जेवायला निघालो, फोन बघ," असं दणदणीत आवाजात सांगून त्या कॅन्टीनकडे चालू लागत.

तीन-चार वर्षांनी माझ्याही डोक्यात ते वारं शिरलं. पुण्यातला एक मित्र बाहेरची कामं देत होता, संध्याकाळी घरी बसून मी ती करत होतो, आणि दोन महिने त्यात पगाराएवढे पैसे सुटले. मला वाटलं, सगळा दिवस हेच केलं तर काय होईल. मी मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. माझ्या वडिलांना इन्सुलिन चालू होतं, हे त्यांना आधीच माहीत होतं, त्यामुळे प्रश्न झालाच नाही. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. असं त्या क्वचित करायच्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "नोकरीत महिना संपला की पैसे येतात. बाहेर काम संपलं की पैसे मागायला सुरुवात करायची. तुला मागता येतंय का पैसे?"

मी त्यांच्या टेबलावरची ड्रॉइंगं सारखी करू लागलो.

"मला न्हाय येत. मी एकदा मागीन, दुसऱ्यांदा मागताना माझीच मान खाली जाईल. म्हणून मी हितं हाय. तू बी बस."

मी बसलो.

मॅडमच्या घरी काय आहे, ते मला हळूहळू कळत गेलं, आणि त्याची सुरुवात पाण्यापासून झाली. संध्याकाळी सुटताना मॅडम कूलरपाशी उभ्या राहून घटाघटा पाणी प्यायच्या. एक ग्लास, मग आणखी एक, मग थोडं थांबून तिसरा. पावसाळा असो की थंडी असो. एकदा मी हसून विचारलं, "मॅडम, घरात पाणी येत नाही की काय?"

"येतंय की," त्या म्हणाल्या. "पण मालकांच्या समोर पिता येत न्हाय."

मालक म्हणजे त्यांचे यजमान. शिवाजी पेठेत त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. तरुणपणी पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. पुढे शुगरने दोन्ही किडन्या गेल्या आणि नजरही अधू झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दिवसभरात प्यायला मोजून मापून पाणी. माणूस तहानेने व्याकूळ असतो आणि त्याला पाणी देता येत नाही. म्हणून घरी गेल्यावर मॅडम त्यांच्यासमोर ग्लासाला हात लावत नसत. डायलिसिसचा सगळा खर्च कंपनीच्या मेडिक्लेममधून व्हायचा. पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्या, सासूबाई आणि हे दोघं. मूलबाळ नव्हतं. सासूबाई रिक्षाने भाऊंना दवाखान्यात न्यायच्या, आणायच्या, आणि मॅडम नोकरी करायच्या. असं त्यांचं गणित बसलेलं होतं.

शिरोलीचे, गोकुळ शिरगावचे लहान फाउंड्रीवाले मॅडमना बाहेरून कामं द्यायला तयार होते. कुणी घरी फोन करायचे, कुणी कंपनीच्या फाटकाबाहेर गाठायचे. "मॅडम, नोकरी सोडा, तुम्हाला आम्ही रिकामं बसू देणार नाही," म्हणायचे. मॅडम त्यांना चहा पाजून परत पाठवायच्या. मला म्हणाल्या, "ह्यांचं खरं बी असंल. पण ह्यांच्यातला एक जण तरी डायलिसिसचं बिल भरणार हाय का? न्हाय. मग विषय संपला."

विषय संपला नव्हता. त्या वर्षी सासूबाई गेल्या. मॅडमनी दवाखान्याच्या दिवसांसाठी एक ओळखीचा रिक्षावाला ठरवला. बाकी वेळ भाऊ घरात एकटे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मॅडम त्यांना फोन करायच्या. एक दिवस फोन उचलला गेला नाही. पुन्हा केला, तरी नाही. त्या म्हणाल्या, "झोपलं असतील." सव्वाचार वाजता त्यांनी बॅग उचलली आणि कुणाला न विचारता निघून गेल्या.

भाऊ मोरीत पडले होते. सकाळी मॅडम कामावर निघाल्या त्यानंतर थोड्याच वेळात पाय घसरला होता, आणि तेव्हापासून ते तिथेच होते. फोन बाहेरच्या खोलीत कॉटवर होता. दुपारी तो वाजला, थांबला, पुन्हा वाजला, हे सगळं त्यांनी मोरीतून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी मॅडम मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त त्या माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघून बोलत होत्या. "मी हितं जेवत होतो, मुरगूडकर. ते तिथं माझा फोन ऐकत पडलं हुतं."

त्या आठवड्यात मॅडम मोठ्या साहेबांना भेटल्या. घरून काम करू द्या, पगार कमी करा, आठवड्यातून दोन दिवस येतो, असं सगळं मागून पाहिलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आज तुम्हाला दिलं तर उद्या पंचवीस जण माझ्या दारात उभे राहतील." अर्ध्या दिवसाची सवलत मिळाली असती, पण मग त्या कायम कामगारांच्या यादीतून निघाल्या असत्या आणि मेडिक्लेमही गेला असता. म्हणजे ती सवलत घेऊन उपयोग नव्हता.

पुढचे काही आठवडे आम्ही कॅन्टीनमध्ये रोज तेच बोलायचो. बाहेर काम करायचं तर सॉफ्टवेअर स्वतःचं घ्यावं लागणार, त्याचं वर्षाचं भाडं आमच्या दोन पगारांइतकं. चांगला कॉम्प्युटर पाहिजे. भाऊंना नवीन मेडिक्लेम कुठलीच कंपनी देत नव्हती. मॅडमनी चार ठिकाणी विचारलं, आजाराचं नाव ऐकलं की पलीकडून फोन ठेवला जायचा. सरकारी योजनेत डायलिसिस फुकट होतं, पण त्या सेंटरवर मशीन मोजकी आणि रांग मोठी. नाव लावून ठेवायचं आणि वाट बघायची, तोपर्यंत खाजगीत पदरचे पैसे. शिवाय अचानक दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर तो खर्च वेगळा. पीएफ काढला तर किती दिवस पुरेल, हे मॅडमनी मला बोटांवर मोजून दाखवलं. दरवेळी उत्तर एकच यायचं.

एक दिवस त्या डबा न उघडताच बसून राहिल्या. "सगळं बघितलं," म्हणाल्या. "एक बी आकडा माझ्या बाजूनं न्हाय."

"मग राहू द्या मॅडम. दिवसभरासाठी एखादी बाई ठेवा."

"ठेवून बघितली की. तीन दिवसांत गेली. ते तिला सारखं पाणी मागायचं, आणि न्हाय म्हणायची तिची हिंमत हुईना." त्यांनी डब्याचं झाकण नुसतं फिरवलं. "मी सोडतो, मुरगूडकर. दुसऱ्या कुणी मला असं सांगितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं."

राजीनामा घेऊन मॅडम सगळ्या टेबलांमधून एचआरकडे गेल्या. ज्यांना मॅडमनी थांबवलं होतं, ते सगळे आपापल्या टेबलावर होते.

त्यानंतर मी रविवारी पेठेत जाऊ लागलो. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी कॉम्प्युटर, त्याच्या समोर भाऊंची कॉट. मॅडम काम करत असायच्या, आणि भाऊ त्यांच्या टायपिंगचा आवाज ऐकत पडलेले असायचे. नजर अधू असली तरी कान तिखट होते. खाली गल्लीत पोरं फुटबॉल खेळायची, तर चेंडू भिंतीवर आपटल्याच्या आवाजावरून, कुणाची किक आहे ते सांगायचे. बोटं गोलकीपरची, प्रत्येक बोट वेगळ्या दिशेला वाकलेलं.

मी गेलो की माझ्याजवळ तक्रार करायचे. "ही जिन्यात जाऊन चोरून पाणी पिती, मुरगूडकर. मला ऐकू येतंय. सांग तिला, हितं बसून पी म्हणावं. मला कमी हुतंय म्हणून ती कशाला वाळून चाललीय?" मॅडम पाठमोऱ्या बसलेल्या असायच्या. त्या ऐकत काम करत राहायच्या, आणि जिन्यात जाणं सोडायच्या नाहीत.

पहिले काही महिने बरे गेले. फाउंड्रीवाल्यांनी दिलेला शब्द पाळला, काम येत राहिलं. पैशाचं मात्र मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. काम वेळेवर जायचं, बिल वेळेवर जायचं, आणि मग शांतता. मॅडम एकदा फोन करायच्या. पलीकडून 'पुढच्या आठवड्यात बघू' असं उत्तर आलं की फोन ठेवून गप्प बसायच्या. असं दोन-तीनदा झालं तेव्हा भाऊ कॉटवरून म्हणाले, "आण तो फोन हिकडं."

"तुम्ही काय बोलणार?"

"काय बोलायचं ते मी बघतो. नाव काय त्या पावण्यांचं?"

तेव्हापासून भाऊ मॅनेजर झाले. सकाळी तोंड धुऊन, स्वच्छ शर्ट घालून ते गॅलरीतल्या खुर्चीवर बसायचे. नंबर मॅडम लावून द्यायच्या. मग पेठेला साजेसा खणखणीत आवाज यायचा, "नमस्कार पावणं, मॅडमच्या ऑफिसमधनं मॅनेजर बोलतोय." पुढचं बोलणं मॅडमना नीट ऐकू येत नसे, गॅलरीचं दार लोटलेलं असायचं आणि खाली पोरांचा दंगा. पण पैसे येऊ लागले. सगळे नाही, तरी येऊ लागले. इतकी वर्षं जो माणूस फक्त पेशंट होता, त्याला दवाखान्यात नर्सने विचारलं की "भाऊ, आज गडबडीत?" तर तो म्हणायचा, "ऑफिस हाय आमचं. चार फोन राहिल्यात." मॅडमनी मला हे सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या. त्या वर्षभरात त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

मग बाजार बसला. फाउंड्र्यांना ऑर्डरी कमी झाल्या, दोन-तीन ठिकाणी तर आठवड्यातून तीनच दिवस काम चालू राहिलं. मॅडमकडे येणारं काम निम्म्यावर आलं. त्यातच एका फाउंड्रीत माल रिजेक्ट झाला. लोखंड पुरेसं तापवलं नव्हतं, चूक त्यांची होती, हे मी स्वतः जाऊन पाहिलं. पण ते खापर डिझाइनवर फुटलं आणि तिथले पैसे बुडाले. कंपनीत हे झालं असतं तर मीटिंग झाली असती, आमचे साहेब भांडले असते. इथे मॅडम एकट्या होत्या. पीएफ संपत आला होता. बांगड्या बँकेत गेल्या. सॉफ्टवेअरचं वर्ष संपत आलं होतं आणि पुढचं भाडं कुठून भरायचं, ते माहीत नव्हतं. योजनेच्या सेंटरवर नंबर अजून लागला नव्हता.

मी एकदा म्हणालो, "मॅडम, परत साहेबांना विचारू का?"

"आत्ता न्हाय," त्या म्हणाल्या. "आत्ता गेलो तर ह्यांना कुणी बघायचं? जागेवर येऊन थांबलो की रे मी. पुढं बी जाता येत न्हाय आणि मागं बी."

भाऊ ऐकत होते. कुणाचं किती येणं आहे, कोण देणार, कोण नुसतंच ताटकळत ठेवणार, हे त्या घरात सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत होतं. तो फोन मॅडमनीच त्यांच्या हातात दिला होता.

पुढच्याच आठवड्यात दवाखान्यातून बाहेर येताना भाऊ म्हणाले, "डॉक्टर म्हटलं, आता रिपोर्ट चांगलं हाय. आठवड्याला दोनदा केलं तरी चालंल." आत नेहमी भाऊ आणि मशीनवरचा माणूस असायचे, मॅडम बाहेरच्या बाकावर लॅपटॉप घेऊन काम करायच्या. एवढी चांगली बातमी त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. साच्याच्या एका कोपऱ्यासाठी दोन-दोन दिवस तपासणी करणारी बाई. त्या दिवशी त्यांनी आत जाऊन कुणाला विचारलं नाही. घरी जाताना गोड नसलेली बिस्किटं घेतली, एवढंच.

पाय सुजू लागले तेव्हा भाऊ म्हणाले, बसून बसून होतंय. आडवं झालं की दम लागू लागला तेव्हा उशा वाढवल्या. मग एका सकाळी मॅडमचा मला फोन आला. त्या फक्त "ये" म्हणाल्या. मी सुट्टी टाकून दवाखान्यात पोचलो तर भाऊंना ऑक्सिजन लावला होता, छातीत पाणी भरलं होतं, आणि डॉक्टर मॅडमवर संतापले होते.

"आठवड्यातून दोनदा करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

मॅडमना प्रश्नच कळला नाही. "तुम्हीच सांगितलं की," त्या म्हणाल्या.

"मी? मी कधी सांगितलं? पेशंटनेच सांगितलं की दर गुरुवारी बाहेरगावी जावं लागतं, काही दिवस गुरुवारचं जमणार नाही म्हणून."

मॅडम कॉटकडे वळल्या. भाऊंनी वाकड्या बोटांनी मास्क जरासा बाजूला केला. दम लागत होता, तरी आवाज ओळखू येत होता. "ऑफिसला परवडत नव्हतं," ते म्हणाले.

मॅडम बाहेर येऊन बाकावर बसल्या. मी शेजारी बसलो. त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत. दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसल्या होत्या, एसटी खड्ड्यातून जाताना माणूस समोरचा बार धरतो तशा. मग म्हणाल्या, "मी ह्यांच्याजवळ राहायचं म्हणून सोडली रे नोकरी. आणि हे माझ्या खर्चाला भिऊन मरायला निघालं."

त्या वेळी भाऊ वाचले. डिझाइन खात्यातल्या पोरांनी मिळून दवाखान्याची पहिली रक्कम भरली. मॅडमना ते आवडलं नाही, पण नको म्हणायची ताकद नव्हती. घरी आणल्यावर मॅडम दोन दिवस भाऊंशी बोलल्या नाहीत. सगळं करायच्या, बोलायच्या नाहीत. फोन कपाटावर ठेवलेला होता, आणि भाऊंनी तो मागितला नाही. तिसऱ्या सकाळी मॅडमनी त्यांना शर्ट घातला, गॅलरीत नेऊन बसवलं आणि फोन हातात दिला.

"बिलं तुम्ही मागायची," म्हणाल्या. "डॉक्टरशी मी बोलतो. ह्यात पुन्हा अदलाबदल न्हाय."

"बरं," भाऊ म्हणाले.

हे मला भाऊंनीच सांगितलं. सांगताना त्यांना फार बरं वाटत होतं.

उन्हाळा लागला आणि भाऊ गेले. डायलिसिसच्या खुर्चीतच, मशीन चालू असताना त्यांचं हृदय थांबलं. मॅडम भिंतीच्या अलीकडे बाकावर बसून एका पंपाच्या कास्टिंगचं काम पुरं करत होत्या.

दोनेक महिन्यांनी मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. "मॅडमना विचारून बघ," म्हणाले. "आधीचा हुद्दा देता येणार नाही, पगारही थोडा कमी असेल, पण या म्हणावं." मी त्या रविवारी पेठेत गेलो. कॉट हलवलेली नव्हती. भिंतीवर भाऊंचा फोटो, तालमीच्या जर्सीतला, हातमोजे घातलेला. मी साहेबांचा निरोप सांगितला. मॅडमनी तो ऐकून घेतला.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि एक जाडजूड गृहस्थ दारात उभे राहिले. शिरोलीचे एक फाउंड्रीमालक, आडनाव पाटील. मॅडमचं काम घेणाऱ्यांत पैसे द्यायला सगळ्यात चिकट. घाम पुसत म्हणाले, "मॅनेजरसाहेब हायत का?"

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

"न्हाय, म्हटलं आपण स्वतः जाऊन यावं. दोन म्हैनं झालं त्यांचा फोन न्हाय. आधी दर दोन दिवसांनी असायचा. म्हटलं रागावलं का काय पावणं. राहिलेलं सगळं घेऊन आलोय."

"बसा," मॅडम म्हणाल्या आणि भिंतीकडे हात केला. "हे मॅनेजर."

पाटील फोटोकडे बघत राहिले. मग कॉटकडे बघितलं, कॉटखालच्या औषधांच्या खोक्याकडे बघितलं. हळूच खुर्चीत बसले. "आजारी हुतं?"

"लई वर्षं."

"आवाजावरनं वाटलं न्हाय कधी." त्यांनी रुमाल हातातच ठेवला. "पैशाचं आधी कधी बोलायचंच न्हाईत. आधी विचारायचं, पाटील, माल किती गेला, परत किती आला? मी म्हणायचो, एक बी परत न्हाय आला. मग म्हणायचं, ते कसं झालं सांगतो. ते लोखंड तिरकं सोडलंय बघा तिनं, म्हणून आत पोकळी हुईत न्हाय. सगळं समजावून सांगायचं मला, माझ्याच फाउंड्रीतलं. आणि मग म्हणायचं, जिनं एवढं केलं तिचं बिल कुठं अडलंय?"

मॅडमनी मान खाली घातली. मला नंतर म्हणाल्या, "मी रोज काम करताना तोंडानं बडबडत असतो. सवय हाय मला. मला वाटायचं, ते पोरांचा खेळ ऐकत्यात."

पाटील पैसे ठेवून, फोटोला नमस्कार करून गेले. जिन्यातून त्यांची पावलं खाली जाईपर्यंत मॅडम दारात उभ्या होत्या. मग आत येऊन त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. "सोमवारी येतो म्हणून सांग साहेबांना," म्हणाल्या. "मला एकटीला न्हाय चालवता येणार हे."

सोमवारी मी त्यांना फाटकापासून एचआरपर्यंत घेऊन गेलो. एचआरला नवीन मुलगी आली होती, तिला मॅडम माहीत नव्हत्या. तिने सगळी माहिती विचारून कॉम्प्युटरवर भरली, आणि एका ठिकाणी थांबली.

"मॅडम, मधलं एक वर्ष दिसतंय. तेव्हा कुठे होता?"

"शिवाजी पेठेत. ऑफिस होतं आमचं."

"अच्छा, स्वतःचं? मग बंद का केलं?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. पदर खांद्यावर नीट केला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "मॅनेजर गेला आमचा."

मुलगी सहानुभूतीने म्हणाली, "चांगली माणसं टिकत नाहीत हो हल्ली," आणि तिने पुढचा प्रश्न विचारला.